दोन रकान्यांची वही

एका वस्तूस अनेक शब्द असावेत, याचें अप्रूप आम्हां बारामतीकरांस नवें नाहीं. मोरोपंतांनीं (१७२९–१७९४) बाबूजी नाइकांच्या आश्रयानें आयुष्याचा मोठा भाग येथेंच घालविला. आर्येच्या मात्रा जमविण्यास त्यांना पर्यायशब्द सदैव हाताशीं लागत. परंतु इंग्रजी पर्यायशब्द शिकतांना अर्थ कोणत्या भाषेंतून घ्यावा, यावरून आमच्या घरांत मोठा वाद झाला.

माझी नात मराठी शाळेंत जाते. तिची इंदापूरची मैत्रीण उर्दू शाळेंत. सुटींत दोघींनीं मिळून इंग्रजी शब्दांची वही केली. एका रकान्यांत मराठी अर्थ, दुसऱ्यांत उर्दू. तोही नातीस वाचतां यावा म्हणून देवनागरींत. वही पाहून थोरल्या जाऊबाई म्हणाल्या, "आपल्या घरांत उर्दूचें काय काम?"

मीं विचारलें, "जाऊबाई, आपलें माहेर फडणिसांचें ना?" फडणीस, चिटणीस यांतील 'नीस' म्हणजे फारसी 'नवीस', लिहिणारा. 'पेशवा' हा शब्दही फारसीच. शहाजी राजांच्या जहागिरींत पुणें-सुप्याबरोबर आमचें इंदापूरही होतें. तेव्हांपासून दप्तराची ही भाषा आमच्या अंगणांत वावरते आहे. शिवछत्रपतींनीं राज्यव्यवहारकोश करवून दरबारी फारसी शब्दांस संस्कृत प्रतिशब्द दिले. तरी तारीख, शहर, मदत हे शब्द घरांतून हलले नाहींत. माधव जूलियन यांनीं १९२५ सालीं फारसी-मराठी कोश सिद्ध केला, तो याच ऋणानुबंधाची साक्ष होय.

मात्र नातें आहे म्हणून अर्थ एकच, असें समजूं नये. 'डेट', 'सिटी', 'हेल्प' यांपुढें दोन्ही रकाने जवळजवळ सारखे भरले. 'रेझिग्नेशन'पुढें नातीनें 'राजीनामा' लिहिला, तों मैत्रीण हंसूं लागली. उर्दूंत राजीनामा म्हणजे उभय पक्षांची तडजोड. चाकरी सोडणें तो 'इस्तीफा'. मग 'डिफीट'पुढें तिनें 'शिकस्त' लिहिलें आणि हंसण्याची पाळी नातीची आली; आपल्याकडे तर यशाकरितां प्रयत्नांची शिकस्त करावी लागते! तिची 'दरख्वास्त' ही साधी विनंती. आपली 'दरखास्त' कोर्टांत हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीसाठीं द्यावयाची.

यावरून एक गोष्ट ध्यानांत येते. पर्यायशब्द हीं सख्खीं भावंडें खरीं, पण प्रत्येकाचा स्वभाव निराळा; आणि तो स्वभाव वाक्यांतच प्रकट होतो. म्हणून शब्दापुढें नुसता शब्द न मांडतां एकेक वाक्य लिहावें. मराठी मुलीस आपल्या शब्दाची खरी किंमत उर्दू मैत्रिणीच्या रकान्यांत कळावी, इंग्रजी दोघींसही यावी, आणि त्यायोगें दोन घरांत जाणेंयेणें राहावें, हा लाभ केवळ परीक्षेच्या गुणांनीं मोजण्यासारखा नाहीं. वडीलधाऱ्या माणसांनीं अशा वहीस घरांत जागा द्यावी, एवढीच माझी विनंती, दरखास्त नव्हे!