कोर्लईची बोली

मोरिवलीच्या बिऱ्हाडी बसून कॉर्नवॉलच्या खडकाळ किनाऱ्याची वर्णने वाचताना आम्ही डॉली पेंट्रीथसाठी नेहमी हळहळत असू. ही मासळी विकणारी वृद्धा १७७७ साली वारली आणि केल्टिक कुळातील कॉर्निश भाषा तिच्याबरोबरच मावळली, असे म्हणतात.

गेल्या माघात आम्ही रेवदंड्याजवळील कोर्लईस गेलो. समुद्रात घुसलेल्या डोंगरावर किल्ला आणि जवळच ख्रिस्ती वस्ती. पोर्तुगीज १७४० साली चौल सोडून गेले. परंतु त्यांच्या भाषेचा मराठीशी संसार होऊन जन्मलेली बोली या वस्तीत अद्यापि नांदते. तिला हे लोक ‘नो लिंग’, म्हणजे ‘आमची भाषा’, म्हणतात. एका ओटीवर आजी नातवास याच बोलीत रागे भरत होती; नातू मात्र उत्तरे देत होता मराठीत!

आम्हांस हसू आले आणि लगेच ओशाळल्यासारखे झाले. आमच्या मातोश्री सत्तरीच्या माहेरची चित्पावनी बोलत. कॉलेजात गेल्यावर ती आम्हांस गावंढळ वाटू लागली. आम्ही शुद्ध मराठीत उत्तरे देऊ लागलो. पुढे त्याही आमच्याशी चित्पावनी बोलेनाशा झाल्या. आज त्या नाहीत. आणि डॉलीसाठी हळहळणाऱ्या आम्हांस त्या बोलीतले एक वाक्यही धड जुळवता येत नाही.