इंजिनाचा ठोका आणि अब्बांचे कान

अठरावा रोजा होता. दुपारी अडीचच्या सुमारास धाकट्या भावाचा फोन आला, "आपा, गाडी बसली. नळदुर्गच्या अलीकडे."

गाडी म्हणजे त्याचा दहा चाकी ट्रक. सोलापूरच्या मार्केट यार्डातून हैदराबादला कांदा घेऊन निघालेला. चालत्या गाडीत, आधी काही कुरकुर नसताना, एकदम इंजिनातून ठक-ठक-ठक सुरू झालं. ड्रायव्हर पोरानं गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं आणि मालकाला फोन लावला. संध्याकाळपर्यंत कांदा दुसऱ्या गाडीत भरून पुढे गेला, भाडं त्या गाडीवाल्याला गेलं आणि आमचा ट्रक टोचन लावून सोलापुरात आला.

हायवेवरच्या एका गॅरेजवाल्यानं पाच मिनिटं इंजिन चालवून ऐकलं. एकेका नोझलचा नट सैल करून बघितला. म्हणाला, "नोझल नाही, म्हणजे खालचं बेरिंग गेलं. क्रँक काढावी लागेल." सव्वा लाख रुपये आणि बारा दिवस. ईदही बाराच दिवसांवर होती. गाडीचा हप्ता पाच तारखेला. अम्मीनं कोणी न सांगताच बांगड्यांची डबी कपाटातून काढून ठेवली होती, ते बघून माझ्या पोटात कालवलं.

भावाचा राग निघाला ड्रायव्हरवर. "ऑइल न बघता पळवली असणार. दोन महिन्यांचा पगार थांबवतो, तेवढं तरी वसूल होईल." पोरगा मोहोळ तालुक्यातला, तेवीस-चोवीस वर्षांचा. दारात उभा राहून एकच सांगत होता, "मॅडम, निघताना पट्टी ओढून बघितलेली. ऑइल फुल होतं." त्याच्याकडे पुरावा कुठला असणार?

आमचे अब्बा एसटीच्या वर्कशॉपमध्ये एकतीस वर्षं डिझेल मेकॅनिक होते. वय चौऱ्याहत्तर. हात अजून शाबूत आहेत, कान मात्र त्या वर्कशॉपनंच नेले. कानातलं मशीन इंजिनाजवळ गेलं की शिट्टी मारतं, म्हणून ते काढून खिशात ठेवतात. दुसऱ्या दिवशी रविवार होता. सकाळीच म्हणाले, "चल बेटा, तू मेरे कान."

मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते. इंजिनातलं मला काय कळणार, असं म्हणून बघितलं. ते म्हणाले, "समजना नक्को. बस सुनना, और बोलना."

गॅरेजच्या आवारात ट्रक उभा होता. अब्बांनी इंजिन लगेच चालू करू दिलं नाही. आधी पट्टी ओढली. ऑइल खुणेपर्यंत. पोरगा खरं बोलत होता. भाऊ म्हणाला, "नंतर ओतलं असेल." अब्बांनी ऑइल बोटांवर चोळून वास घेतला. डिझेल मिसळलं तर ऑइल पातळ होतं, मग प्रेशर पडतं, मग बेरिंग जातं. ते नव्हतं. मग ऑइल फिल्टर काढून त्याचा डबा हॅकसॉनं कापला आणि आतला घडीचा कागद उन्हात उलगडला. "बेरिंग गया तो जाता कहाँ? तेल में ही ना?" क्रँकचं बेरिंग खलास झालं तर या घड्यांत चकचकीत भुगा भरलेला असतो. इथे चमक होती, पण चिमूटभर. गॅरेजवाला म्हणाला, "आहे की." अब्बा म्हणाले, "आहे. पण एवढ्याशा भुग्यात एवढा मोठा आवाज येत नाही."

मग इंजिन चालू केलं. ऑइल प्रेशरचा काटा लगेच वर गेला, आणि तिथेच राहिला. अब्बांनी लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवलं आणि मूठ माझ्या कानामागच्या हाडाला लावली. वर टॅपेटपाशी, मध्ये ब्लॉकला, खाली चेंबरला. प्रत्येक जागी मला बोलायचं होतं. पहिल्यांदा मी नुसतं "ठकठक" म्हणाले तर वैतागले. "कैसा ठक? सूखा के भारी? लकड़ी पे के लोहे पे?" टॅपेटचा आवाज टिकटिक, हलका, क्रँकच्या निम्म्या चालीचा. कारण क्रँक दोनदा फिरते तेव्हा व्हॉल्व्ह एकदा उघडतो. नोझल अडकलं की कोरडा, कडक टणटण. बेरिंगचा आवाज खोल, जड, दार बाहेरून मुठीनं ठोठावल्यासारखा. हे सगळं मी त्या दिवशी शिकले. दोन भाषांचा शब्दसंग्रह असून नेमका शब्द सापडेना, याची लाजही वाटली.

आवाज जड होता. पुढच्या बाजूला जास्त, मागे कमी. गॅरेजवाल्याचा चेहरा खुलला.

अब्बांनी नोझलची परीक्षा पुन्हा घेतली. हे जुनं, पंपवालं इंजिन. त्यात नोझलच्या पाइपचा नट चिंधी धरून थोडा सैल केला की त्या सिलिंडरला डिझेल जात नाही आणि तेवढा एकच सिलिंडर गप्प होतो. (नव्या कॉमन रेल इंजिनात हे कधीच करायचं नाही. तिथे डिझेलचा दाब हजार बारच्याही वर जातो, बारीक धार कातडीतून आत घुसते. त्या गाड्यांत सिलिंडर बंद करून बघायचं काम स्कॅनर करतो.) एक ते सहा, सहाही वेळा मी सांगितलं, "इंजिन डगमगतंय, पण ठोका तसाच आहे." गॅरेजवाल्यानंही हेच ऐकलं होतं. फरक पुढच्या पायरीत होता. अब्बांचं म्हणणं, कनेक्टिंग रॉडचं बेरिंग ढिलं असेल तर त्याचा सिलिंडर बंद करताच ठोका मंदावतो, कारण वरून दणका बसायचा थांबतो. इथे कशानंच बदलत नाही. क्रँकचं मुख्य बेरिंग म्हणावं तर प्रेशर चांगलं. मग सिलिंडरच्या बाहेर, पण इंजिनाला जोडलेलं, असं काय फिरतंय?

बी.एड.ला आम्हाला नैदानिक चाचणी होती. मुलाला येत नाही असं लिहू नका, नेमकं काय येत नाही ते वेगळं काढा. परीक्षेत मला त्यात चांगले गुण होते. तरी नोकरीच्या पहिल्या वर्षी एका मुलाच्या वहीवर मी "मराठी कच्चे" असा शेरा मारला होता. तो फक्त "शाळा"चं "शाला" आणि "फळ"चं "फल" लिहायचा. उर्दूत ळ नाहीच. बाकी त्याचं एकही वाक्य चुकलेलं नव्हतं. सातव्यांदा स्क्रू ड्रायव्हर कानाला लावताना ती वही आठवली.

अब्बांनी भावाला विचारलं, "इसके पहले गाड़ी का क्या काम किया था?" भाऊ म्हणाला, काही नाही. पोरगा हळूच म्हणाला, "हवेचं केलतं की मालक. कॉम्प्रेसर." ब्रेकची हवा गळत होती म्हणून दोन महिन्यांपूर्वी भावानं तो एका ठिकाणी स्वस्तात काढून-बसवून घेतला होता.

अब्बांनी टाकीतली सगळी हवा सोडायला लावली. इंजिन चालू. हवा भरू लागली, ठोका जोरात. काटा सात-आठ किलोच्या मध्ये आला, अनलोडर फुस्स करून उघडला, कॉम्प्रेसर बिनओझ्याचा झाला आणि ठोका जवळजवळ गेला. मी काही बोलायच्या आत अब्बांनी माझ्या तोंडाकडे बघून ओळखलं. पोरानं दहा-बारा वेळा ब्रेक दाबून हवा खाली आणली. ठोका परत आला. असं तीनदा केलं.

कॉम्प्रेसर उतरवला. त्याचा छोटा रॉड हातानं खालीवर हलत होता. इंजिनातून ज्या भोकातून त्याला ऑइल येतं, तिथे गॅस्केटबरोबर चोपडलेल्या सिलिकॉनचा लाल गोळा बसला होता. कॉम्प्रेसर तेलाविना मेला होता. तो इंजिनाच्या गिअरवरच फिरतो, त्याचा ठोका त्याच लोखंडातून येतो, त्यामुळे तो खालून आल्यासारखा वाटला. तरी अब्बांनी चेंबर उतरवून दोन बेरिंगांच्या कॅप खोलायला लावल्या. बेरिंगं ठीक होती. दुसरा कॉम्प्रेसर, ऑइल, फिल्टर, गॅस्केट आणि मजुरी मिळून साडेचौदा हजार झाले. गॅरेजवाल्यानं वाईट वाटून घेतलं नाही, उलट अब्बांना शेजारच्या आणखी एका गाडीपाशी घेऊन गेला.

भावानं पोराला त्याच रात्री दोन्ही महिन्यांचे पैसे दिले. माफी मागितली नाही, मोजून दिले एवढंच. ईदनंतर पोरगा दुसऱ्या मालकाकडे गेला. भावाला आश्चर्य वाटलं, मला नाही. जाण्याआधी त्यानं अब्बांच्या मोबाइलवर फोन केला होता. अब्बांना ऐकू येईना, म्हणून फोन त्यांनी माझ्याकडे दिला. पोरगा बराच वेळ बोलला. नव्या गाडीचा क्लच गार असताना घसरतो, त्याचं काय करायचं, हे विचारत होता.