डब्यांतला टोमॅटो

सिरसाळ्यांत डब्यांतला टोमॅटो मिळत नाहीं. आणि मिळत नाहीं म्हणून कोणी अन्नपाणी सोडून बसला आहे असेंही नाहीं. परळी तालुक्यांतलें हें आमचें गांव. आठवड्याच्या बाजारीं येथें ताजा टोमॅटो पोत्यावर ढिगानें मांडलेला असतो, आणि त्याला कोणी टोमॅटो न म्हणतां टमाटे म्हणतात. ज्या वस्तूचा ढीग पायाशीं आहे तीच वस्तु पत्र्याच्या डब्यांत कोंडलेली कशाला हवी, असा प्रश्न वाचकांच्या मनांत येईल. आमच्याही मनांत तो बरींच वर्षें होता. त्याचें उत्तर आम्हांला २०२३ च्या आषाढांत मिळालें.

त्या वर्षीं काय झालें हें बहुतेकांस आठवत असेल. जुलै महिन्यांत नारायणगांवच्या बाजारांत २० किलोंची जाळी २,००० रुपयांच्या वर गेली, आणि मोठ्या शहरांतून किरकोळ भाव किलोस २०० च्या पलीकडे पोहोंचला. सरकारनें १४ जुलैपासून दिल्लीकडे स्वतः टोमॅटो विकावयास काढला. प्रथम ९० रुपयांनीं, मग ८०, मग ७०, आणि ऑगस्टच्या मध्यास ५० रुपयांनीं. ती स्वस्ताई राजधानीच्या गल्ल्यांतून फिरली. तिची गाडी सिरसाळ्याच्या फांट्याला कांहीं वळली नाहीं. पुढें सप्टेंबर उजाडतो न उजाडतो तोंच भाव असे कोसळले कीं, नाशिककडच्या शेतकऱ्यांनीं तोच टोमॅटो रस्त्यावर ओतला. दोन महिन्यांपूर्वीं ज्याची राखण करावी लागे तो आतां गुरांनींही हुंगून सोडावा! स्वस्ताईच्या दिवसांत फळ धरून ठेवावें आणि महागाईच्या दिवसांत तें काढावें, एवढीच काय ती डब्याची करामत. पण ज्याच्या महिन्याच्या किराण्याची यादी दुकानदाराकडे जाण्यापूर्वीं दोनदां कातरली जाते, त्याला ही करामत लहान वाटत नाहीं.

डब्याची प्रत्यक्ष ओळख आमच्या चिरंजीवांनीं करून दिली. ते पुण्यास नोकरीस असतात. दिवाळीस येतांना त्यांनीं एक इटलीचा डबा आणिला. त्यांत सोललेले, लांबट असे पांच-सहा टोमॅटो दाट रसांत पोहत होते. व्हेसूव्हियस ज्वालामुखीच्या आसमंतांत सान मार्झानो नांवाची जी जात पिकते आणि जिच्या नांवास युरोपांत १९९६ पासून कायद्याचें संरक्षण आहे, ती ही नव्हे. हा सामान्य कुळांतला होता. तरी त्याची आमटी झाली तेव्हां आम्हीं दुसऱ्यांदां वाटी पुढें केली हें सांगितलेंच पाहिजे. वेलीवर पुरता पिकल्यावर तोडलेल्या टोमॅटोची गोडी त्यांत होती. आपल्याकडे दूरच्या बाजारासाठीं टोमॅटो अर्धवट पिकला असतांनाच तोडतात, तो वाटेंत लाल होतो. रंग येतो, पण चव मागें राहते. चारशें ग्रॅमांच्या त्या डब्याची किंमत १६० रुपये होती. ती ऐकल्यावर तिसरी वाटी आम्हीं मागितली नाहीं.

तथापि जीभ एकदां चळली कीं चळली. आम्हीं आमच्या दुकानदारांकडे चौकशी केली. ते हंसून म्हणाले, "गुरुजी, तसला डबा आणून ठिवला तर माझ्या नातवाच्या लग्नापस्तोर फळीवर बसंल. टमाट्याचा सास हाय, पुडीतली प्युरी हाय, ती न्या." म्हणून सॉस, प्युरी आणि पेस्ट यांची वेष्टनें आम्ही चष्मा लावून वाचूं लागलों, परळीला कामास गेलों म्हणजे तेथेंही वाचूं लागलों. दुकानांत कांहीं न घेतां वाचीत उभा राहणारा मनुष्य कोणालाच आवडत नाहीं. परंतु तुटपुंज्या पैशांत चांगला माल निवडावयाचा तर दुसरा उपाय नाहीं.

या वाचनांतून जें ज्ञान हातीं आलें तें असें. सॉस हा टोमॅटो नव्हे. तो साखर आणि सिरका यांच्या संगतींत बिघडलेला टोमॅटो आहे, आणि भाजींत घालण्यास निरुपयोगी. प्युरी आणि पेस्ट यांची पारख घनांशावर करावी. ताज्या फळांत शंभरांत सुमारें पांच भाग घनांश आणि बाकीचें पाणी. तेव्हां वेष्टनावर घनांश २५ लिहिला असेल तर त्या किलोभर पेस्टमध्यें सुमारें पांच किलो टोमॅटो आटला आहे, आणि ९ लिहिला असेल तर दोन किलोही नाहीं. स्वस्त दिसणारी पुडी पुष्कळदां पाणीच विकत असते. घटकांची यादी जितकी आंखूड तितकी बरी. टोमॅटो, मीठ, थोडें आम्ल, एवढ्यावर ती संपावी. डबाच घ्यावयाचा झाला तर कापलेल्या फोडींपेक्षां अख्ख्या फळांचा घ्यावा. फोडी मोडूं नयेत म्हणून त्यांत कॅल्शियमचा क्षार घालतात, आणि मग त्या शिजवूनही हट्ट सोडीत नाहींत. फुगलेला किंवा शिवणीवर चेंबलेला डबा फुकट दिला तरी घेऊं नये.

इतकें शिकूनही १६० रुपये ते १६० रुपयेच राहिले.

येथें डब्याच्या जन्मकथेकडे थोडें वळावें लागतें. हा डबा मुळांत शिपायांसाठीं जन्मला. फौजेला महिनोन् महिने टिकणारें अन्न हवें होतें. निकोला आपेर नांवाच्या एका मिठाईवाल्यानें अन्न कांचेच्या बाटल्यांत भरून, बुचें घट्ट बसवून, त्या पाण्यांत उकळून दाखविल्या आणि १८१० सालीं फ्रेंच सरकारकडून १२,००० फ्रँकांचें बक्षीस मिळविलें. त्याच वर्षीं इंग्लंडांत पीटर ड्युरँड यानें पत्र्याच्या भांड्यांचें पेटंट घेतलें. गंमत अशी कीं, डबा उघडण्याचें हत्यार निघण्यास आणखी चाळीसांहून अधिक वर्षें लागलीं. तोंवर लोक छिन्नी आणि हातोडा घेऊन जेवावयास बसत. उकळल्यानें अन्न कां टिकतें हें आपेरला ठाऊक नव्हतें. तें पुढें पाश्चर यानें उलगडलें. आम्हांला मात्र या कथेंतली एकच गोष्ट मोलाची वाटली. आपेरजवळ पत्रा नव्हता, कारखाना नव्हता. कांच, बूच, पाणी आणि जाळ एवढेंच होतें. यांपैकीं सिरसाळ्यांत काय मिळत नाहीं?

२०२५ च्या फाल्गुनांत टोमॅटोचे भाव पडले तेव्हां आम्हीं एक जाळी १६० रुपयांस घरीं आणिली. लिटर-लिटरच्या बारा कांचेच्या बरण्या झांकणांसह ४८० रुपयांस पडल्या. परसांतली चूल पऱ्हाट्यांवर पेटली. टोमॅटो उकळत्या पाण्यांत क्षणभर बुडवून गार पाण्यांत टाकले कीं सालें धोतरासारखीं सुटतात. ते बरण्यांत दाबून भरावयाचे आणि प्रत्येक बरणींत अर्धा लहान चमचा सायट्रिक आम्ल मोजून घालावयाचें. या आम्लाची कंजुषी करूं नये. हवेवांचून वाढणारा एक जंतु असा आहे कीं, त्याचें विष ना वासाला कळत ना चवीला. पुरेसें आम्ल असलें कीं तो वाढत नाहीं, आणि अलीकडच्या कांहीं जातींचें आंबटपण या कामास निर्धास्त पुरेल असें नसतें. लिंबू पिळूनही आम्ल येतें, पण लिंबालिंबांत फरक असतो. मोजलेलें सत्त्व तसें फसवीत नाहीं. मग झांकणें लावून, बरण्या पाण्यांत पुऱ्या बुडवून दीड तास उकळावयाच्या. बाहेर काढल्यावर गार होतां होतां एकेक झांकण "टक्" असा आवाज करून आंत बसतें. बारा वेळां तो आवाज ऐकण्यांत जें सुख आहे तें आम्हांला पुष्कळ सभांतल्या टाळ्यांत आढळलें नाहीं.

हिशेब मांडला. टोमॅटो १६०, बरण्या ४८०, आम्ल-मीठ २०, पऱ्हाट्या ५०. एकूण ७१० रुपये, म्हणजे बरणीस ५९ च्या आसपास. पुढच्या वर्षीं बरण्या त्याच, झांकणें तेवढीं नवीं. मग ती तिशीच्या आंत येईल. घरांतून प्रश्न आला, "अहो, यांत माझे दोन दिवस कुठें आहेत?" प्रश्न रास्त होता. घरच्या बाईच्या श्रमांची किंमत शून्य धरून स्वस्ताईचे नगारे वाजविण्याची जी रीत आपल्याकडे आहे, ती आम्हांला मान्य नाहीं. गांवांतली बाईमाणसाची मजुरी ३०० रुपये धरून आम्हीं ६०० रुपये हिशेबांत चढविले. पहिल्या वर्षाची बरणी १०९ वर गेली. तरीही इटलीच्या डब्याच्या भावानें किलोभर टोमॅटोस ४०० पडतात हें ध्यानांत घेतां सौदा वाईट नव्हता. आमटीची चव इटलीच्या जवळपास आली, बरोबरीस आली नाहीं. फळाची जातच निराळी, त्याला बरणी काय करणार?

यावर कोणी म्हणेल कीं, आंबटपणास मराठवाड्यांत चिंच आहे, टोमॅटोवांचून काय अडतें? कांहीं अडत नाहीं. आमच्या आजीनें जन्मांत टोमॅटोस हात लावला नाहीं आणि तिच्या हातची आमटी आजही गांवांत आठवतात. पण आज ज्या घरीं भाजीस पैसा नसतो त्या घरीं कांदा, टोमॅटो, मिरची हीच भाजी असते. महागाई तेथें फोडणींत होत नाहीं, ताटांत होते.

फौजेच्या कथेवरून आम्हांला दुसऱ्याच एका फौजेची आठवण झाली. दिवाळी सरली कीं आमच्या बीड जिल्ह्यांतून ऊसतोडीचे कोयते निघतात. कोयता म्हणजे एक नवराबायको. मुकादमाकडून दोघांवर मिळून उचल घेतलेली. पश्चिम महाराष्ट्रांत, कर्नाटकांत, उसाच्या फडाशेजारीं कोपी घालून हीं माणसें पांच-सहा महिने काढतात, आणि पाडव्याच्या सुमारास परततात. येथें टोमॅटो स्वस्त होतो त्या महिन्यांत तीं येथें नसतात. डबा ज्यासाठीं निघाला तें, चालतां चालतां जेवणें, या लोकांच्या वांट्यास आलें आहे. डबा मात्र आला नाहीं. २०२४ च्या जानेवारींत तोडणीचा दर चौतीस टक्क्यांनीं वाढून टनास साडेतीनशें रुपयांच्या पुढें गेला. त्या हिशेबानें तो इटालियन डबा विकत घेण्यास जवळजवळ अर्धा टन ऊस तोडावा लागतो.

जवळच्या वस्तीवरील एक बाई दरसाल कोयत्यावर जातात. त्या चैत्रांत परत आल्या म्हणजे बाजार उठतांना उरलासुरला टोमॅटो घेतात, चार फोडी करून मीठ चोळून जुन्या लुगड्यावर छपरावर पसरतात. चैत्राच्या उन्हांत चार-पांच दिवसांनीं फोड चामड्यासारखी होते. त्या तेवढ्यावर थांबत नाहींत, मोडली कीं कट् वाजली पाहिजे. दहा किलोंचा अर्धा-पाऊण किलो उरतो. वांग्याच्या फोडी, गवारीच्या शेंगा वाळवाव्या तसेंच हें. यासाठीं आपेर वाचावा लागत नाहीं.

आम्हीं त्यांना एक बरणी देऊं केली. त्यांनीं ती उजेडांत धरून पाहिली, "लई झाक दिसतंय" म्हणाल्या, आणि परत केली. "गुरुजी, ट्रॅक्टरवर लेकरं, कोंबड्या, पीठ, भांडी, समदं एकावर एक असतंय. काच फुटली तर लेकराच्या पायात जाईल. आन् हे जड किती! माझं वाळलेलं मुठीत मावतंय."

२०२५ च्या कार्तिकांत त्यांचा ट्रॅक्टर निघाला. आमच्या घरून अर्धा किलो वाळलेला टोमॅटो त्यांच्याकडे गेला. तो या वेळीं आमच्याही छपरावर वाळला होता. त्यांनीं तो आपल्यांत मिसळून तुपाच्या एका जुन्या पत्र्याच्या डब्यांत भरला, वर मिठाची पुरचुंडी ठेविली, झांकण ढिलें होतें म्हणून फडकें बांधलें, आणि डबा पिठाच्या पोत्यांत खोल खुपसला.