व्हिडिओतलं ऊन

पोस्ट जरा मोठी आहे, पण वसई-विरारमध्ये घर बघत असाल तर शेवटपर्यंत वाचा. यात चूक माझीच आहे, म्हणून आधी तीच सांगतो.

मी थ्रीडी मोशन ग्राफिक्सचं काम करतो. इमारत उभी राहायच्या आधी तिचा जो चकचकीत व्हिडिओ सेल्स ऑफिसात दाखवतात, तो आमच्यासारखी माणसं बनवतात. मॉडेलमध्ये जीव येतो तो लाइटिंगनं. सॉफ्टवेअरमध्ये जागेचे अक्षांश-रेखांश, तारीख आणि वेळ टाकली की सूर्य बरोबर त्याच्या खऱ्या जागी येतो.

काही वर्षांपूर्वी वसई पूर्वेच्या एका प्रोजेक्टचं काम आलं. मी डिसेंबरची दुपार लावली. वसई साधारण 19.4 अंश उत्तरेला. त्यामुळे 22 डिसेंबरला भर दुपारीही सूर्य दक्षिणेला, जेमतेम 47 अंशांवर असतो. 21 मीटर उंच, सात मजली इमारतीची सावली तेव्हा उत्तरेकडे 19 मीटर जाते. आणि इथे दक्षिणेची इमारत होती फक्त 9 मीटरवर! खालचे मजले सगळे सावलीत.

क्लायंट म्हणाला, "एवढं डल का दिसतंय? सावली काढ ना."

काढली. समोरच्या इमारतीची 'कास्ट शॅडोज'ची टिक काढली, फिल लाइट वाढवला, ऊन जरा सोनेरी केलं. दोन मिनिटांचं काम. पैसे मिळाले, विसरून गेलो.

पुढे माझ्याच मावशीनं तिथे दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला. जानेवारीत गेलो तर दुपारी बारा वाजता हॉलमध्ये ट्यूबलाइट चालू. मावशी म्हणाली, "अरे, व्हिडिओत तर बाल्कनीत छान ऊन होतं. थंडीत गुडघ्यांना शेक मिळेल म्हणून हाच घेतला."

तो व्हिडिओ माझा आहे हे सांगायला मला दोन दिवस लागले. ती चिडली नाही. एवढंच म्हणाली, "म्हणजे तुला माहीत होतं."

मित्रांनो, 2016 च्या रेरा कायद्याचं कलम 12 वाचून ठेवा. जाहिरात, माहितीपत्रक किंवा नमुना फ्लॅट यांतल्या खोट्या माहितीवर विसंबून पैसे भरले आणि नुकसान झालं, तर बिल्डरकडून भरपाई मागता येते. म्हणून दाखवलेला व्हिडिओ मागून घ्या, जपून ठेवा. कोपऱ्यातली बारीक अक्षरंही वाचा. साइटवर मोबाइलचं होकायंत्र उघडून दक्षिणेला काय आहे, किती उंच आहे ते बघा. आणि बिनधास्त विचारा, "22 डिसेंबरला दुपारी बाराची सावली दाखवा." आमच्यासाठी ते पाच मिनिटांचं काम आहे. दाखवत नसतील, तर समजून जा.

मी आता आजूबाजूच्या इमारतींची सावली काढून देत नाही. दोन-तीन कामं गेली त्यात. जाऊ देत.

तुमच्या घरात व्हिडिओतलं ऊन आलं का? कमेंटमध्ये सांगा. आणि घर शोधणाऱ्या कुणाला तरी ही पोस्ट नक्की पाठवा.