मोरीतले पाणी

आमच्या मोरीची लादी बदलायची ठरली तेव्हा गवंडी मी निवडला. निवडला म्हणजे काय, तर सर्वांत कमी पैसे त्याने सांगितले! "साहेब, उद्यापासून खुशाल वापरा," म्हणून पैसे घेऊन जो गेला तो गेलाच. पंधरवड्यात खालच्या आजींच्या देवघरावर पाणी ठिबकू लागले. त्या भांडल्या असत्या तर बरे वाटले असते; त्यांनी मुकाट्याने देव हलवले.

दुसरा गवंडी आमच्या सौभाग्यवतीने शोधला, तोही त्याने पूर्वी केलेल्या दोन मोऱ्या स्वतः पाहून. त्याने फरशी उकरून दाखवली. पाणी अडवणारा थर पहिल्याने दिलाच नव्हता! याने तो दिला, भोकाला बोळा मारून मोरी पाण्याने भरली आणि भिंतीवर खडूने रेघ ओढली.

"48 तास थांबा. पाणी उतरलं नाही, खाली ओल आली नाही, तरच लादी. बाकीचे पैसेही तेव्हाच."

पुढे आठवड्याने मी भीतभीतच खाली गेलो. देव जागेवर आले होते.

"गवंडी बरा मिळाला हो तुम्हांला!" आजी म्हणाल्या.

"मला नव्हे, हिला," मी कबूल करून टाकले.