अंगठा आणि दात

मूल अंगठा चोखते म्हणजे ते उपाशी आहे, अशी आपल्या घरांतून एक जुनी समजूत आहे. आईला दूध पुरत नाही, हा टोमणाही त्यातूनच निघतो. वस्तुतः ही सवय जन्मापूर्वीची असते; गर्भातील बाळ अंगठा चोखताना सोनोग्राफीत अनेकदा दिसते. त्याने मुलाला स्वस्थता लाभते, झोप लागते. बहुतेक मुले २ ते ४ वर्षांच्या दरम्यान ती आपोआप सोडतात आणि तोवर कोणी काही करण्याचे कारणही नसते.

आमच्या नातीने मात्र पाच वर्षे उलटली तरी ती सोडली नाही. धाकटा भाऊ घरात आल्यापासून तर ती वाढलीच. दात मिटले तरी पुढच्या वरच्या व खालच्या दातांमध्ये फट राहू लागली. पोळीचा तुकडा पुढच्या दातांनी तुटेना. ‘स’ म्हणताना जीभ त्या फटीतून बाहेर डोकावे. शाळेत मुले नक्कल करू लागली, तशी ती बोलणेच कमी करू लागली. आम्हांला खरी चिंता वाटली ती या अबोलपणाची.

दंतवैद्यांनी समजावले ते असे. दात हाडात खिळ्यासारखे ठोकलेले नसतात. हलका पण तासन्‌तास टिकणारा दाब त्यांना सरकवतो. दातांना तारा बसवतात, त्यामागेही हेच तत्त्व. अंगठा वरचे दात पुढे ढकलतो, खालचे आत लोटतो आणि मध्ये अडसर होऊन दोन्हींना पुरते वाढू देत नाही. एरवी टाळूला टेकणारी जीभ वरच्या जबड्याला आतून आधार देते. अंगठ्यामुळे ती खाली दबते, गालांचा दाब एकतर्फी पडतो आणि जबडा अरुंद होत जातो. घटकाभर जोराने चोखण्यापेक्षा रात्रभर हळूहळू चोखणे अधिक घातक. व्यापाऱ्याला हे व्याजाच्या हिशेबाने चटकन उमगावे : दर लहान, पण मुदत मोठी.

‘दुधाचे दात पडणारच आहेत, मग काळजी कशाला?’ असे आमच्या अक्कांचे म्हणणे. परंतु दात पडले तरी जबडा तोच राहतो. पुढचे कायमचे दात साधारण ६ ते ७ व्या वर्षी येतात. त्याआधी सवय सुटली, तर पुढची फट बहुधा आपोआप भरते. अरुंद झालेला जबडा मात्र क्वचितच आपण होऊन रुंदावतो.

अक्कांनी अंगठ्याला मिरची लावण्याचा उपाय सुचवला. सूनबाईंनी ठाम नकार दिला आणि मी त्यांचीच बाजू घेतली. तोच हात झोपेत डोळ्याला लागतो. शिवाय ज्या अस्वस्थतेपोटी मूल अंगठ्याकडे वळते, ती शिक्षेने वाढतेच. आम्ही भिंतीवरच्या कॅलेंडरवर कोरड्या अंगठ्याच्या प्रत्येक रात्रीला तिच्याच हाताने एक टिकली लावू दिली. झोपताना हातमोजा घालायचा, तोही तिने निवडलेला. दुकान बंद केल्यावर हिशेबाची वही बाजूला ठेवून तिच्याजवळ बसण्याचे काम माझ्याकडे आले. पहिल्या आठवड्यात टिकल्या दोनच होत्या. तीन महिन्यांनी कॅलेंडरचे पान भरले.

फट अजून आहे, पण कमी झाली आहे. जबडा पाहण्यासाठी दंतवैद्यांनी सहा महिन्यांनी पुन्हा बोलावले आहे. परवा मामांचा फोन आला, तेव्हा तिने तो माझ्या हातून ओढून घेतला आणि सशाची सगळी गोष्ट त्यांना ऐकवली.