स्ट्रिप माझ्या खिशात होती

कॅज्युअल्टीत डॉक्टरांनी मला एवढंच विचारलं, "यानं काही घेतलंय का?" मी म्हणालो, "नाही सर, परीक्षेचं टेन्शन आहे." खाटेवर माझा रूम पार्टनर होता. छाती धडधडत होती, हात थरथरत होते, आपण आता मरणार असं तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. त्याला गोळ्या मीच दिल्या होत्या.

ही गोष्ट पुण्यातली, डिसेंबर २०१८ ची. मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होतो आणि मागचे चार विषय राहिले होते.

बारावीपर्यंत माझं सगळं सुरळीत चाललंय असंच घरी वाटायचं. लातूरला पहाटेपासून क्लास, रोज चाचणी, रात्री अभ्यासाला बसलो की आई समोर बसलेली. माझं लक्ष मी सांभाळतच नव्हतो, ते इतरांनी धरून ठेवलं होतं. पुण्यात कुणी धरणारं उरलं नाही. एकच पान चारदा वाचायचं आणि उठायचं. परीक्षेचा फॉर्म भरायची तारीख दोनदा हुकली. वडील, म्हणजे अण्णा, मला आळशी म्हणायचे आणि मलाही ते खरंच वाटायचं.

दुसऱ्या वर्षी मित्रांबरोबर टेकडीवर गांजा ओढला. डोक्यातला गलका थांबला, रात्री झोप लागली. मी त्यालाच औषध समजून बसलो. सहा महिन्यांत ते रोजचं झालं. गांजानं लक्ष आणि स्मरण दोन्ही मंदावतात. म्हणजे सकाळी ज्यासाठी रडायचो, तेच संध्याकाळी स्वतःच्या हातानं वाढवत होतो. मग सकाळ सावरायला मोडाफिनिल आलं. दिवसा अनावर झोप येण्याच्या विकारावरचं हे औषध. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ते द्यायचं नसतं, पण एका दुकानात मिळायचं. त्यानं मी जागा राहायचो, एवढंच. एकदा पहाटेपर्यंत मी प्रोजेक्ट रिपोर्टच्या समासरेषा सरळ करत बसलो होतो. मजकूर एक ओळही पुढे गेला नव्हता. जागं राहणं आणि लक्ष लागणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या रात्री कळायला हवं होतं.

पार्टनर नियमित अभ्यास करणारा होता. पेपरच्या धास्तीनं त्यानं गोळी मागितली आणि मी रात्री दहाला दोन गोळ्या दिल्या. वर कडक कॉफी. या औषधाचा निम्मा अंश बारा-पंधरा तासांनीही अंगात असतो. मला ते माहीत नव्हतं, मी माहीत करूनही घेतलं नव्हतं. दुसऱ्या रात्री आणखी दोन दिल्या. तिसऱ्या दिवशी तो कोसळला.

पोलीस, कॉलेज, घर या तिन्हींच्या भीतीनं मी खोटं बोललो. डॉक्टर रात्रभर कारण शोधत राहिले. सकाळी शुद्धीत बोलता येऊ लागल्यावर त्यानंच सांगितलं. त्याचा पेपर गेला, पुढे वर्ष गेलं. त्याचे वडील सामान न्यायला आले, तेव्हा गादी गुंडाळताना मला म्हणाले, "तू तरी जेवतोस का रे वेळेवर?" गोळ्या कुणी दिल्या हे त्यानं घरी सांगितलं नव्हतं. मीही सांगितलं नाही. ते सांगण्यासाठी काकांना फोन करायला मला चार वर्षं लागली.

त्यानंतर मी मानसोपचारतज्ज्ञांकडे गेलो, पण तिथंही पहिल्या दोन भेटींत गांजा लपवला. उदासीवरच्या गोळ्या सुरू झाल्या, फरक पडेना. तिसऱ्या भेटीत बोललो. ते म्हणाले, आधी हे थांबवू, त्याशिवाय तुझं लक्ष मुळात कसं आहे ते मला दिसणार नाही. पहिले काही आठवडे फार वाईट गेले: झोप नाही, भूक नाही, सगळ्यांवर चिडचिड. मग त्यांनी प्राथमिक शाळेची प्रगतिपुस्तकं मागवली, कारण एडीएचडीची, म्हणजे लक्ष न टिकण्याच्या विकाराची, लक्षणं बाराव्या वर्षाच्या आत दिसलेली असावी लागतात. आईनं ट्रंकेतून काढून आणली. चौथीच्या बाईंचा शेरा होता: हुशार आहे, पण एका जागी बसत नाही. आई तो वाचून कितीतरी वेळ गप्प बसली.

एडीएचडीच्या निदानानं माझी चूक पुसली जात नाही. लक्ष न लागणं हा माझा दोष नव्हता. त्या खाटेपाशी खोटं बोलणं हा होता.

तुम्ही हॉस्टेलवर राहत असाल तर एवढं करा. कुणाला असं झालं तर कोणती गोळी, किती, कधी घेतली ते डॉक्टरांना लगेच सांगा, रिकामी स्ट्रिप बरोबर न्या. मानसोपचारतज्ज्ञांपासूनही काही लपवू नका; मानसोपचारात रुग्णाची माहिती गुप्त राहण्याचा हक्क २०१७ च्या कायद्यानं दिलेला आहे. रात्री-अपरात्री बोलायला कुणी नसेल तर टेली-मानस हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन करा, तिथं मराठीत बोलता येतं.

त्या रात्री ती स्ट्रिप सकाळपर्यंत माझ्या खिशात होती.